अबोल्याची शिफारस

देवानं जरी नोकरी मागितली, तरी आमचे साडू आधी राक्षसाकडं जाऊन देवाची चौकशी करून येतील. आणि राक्षसानं देवाची फारच स्तुती केली, तर देवाला कामावर घेणारही नाहीत. साडूंचा पूर्णा रोडवर भुईकाटा आहे. कापसाच्या गाड्या, सोयाबीनच्या ट्रॉल्या त्याच्यावर चढतात, खोलीतला माणूस वजन बघून पावती फाडतो, आणि त्या पावतीवर शेतकऱ्याचं वर्ष अन् व्यापाऱ्याची झोप अवलंबून असते. त्या खुर्चीत कसा माणूस बसवावा याचा साडूंनी जेवढा विचार केला, तेवढा आमच्या सासऱ्यांनी जावई निवडताना केला असता, तर माझं लग्नच झालं नसतं.

कागदावर त्यांचा भरवसा नव्हता. एकदा सेलूकडचा एक तरणा माणूस प्लास्टिकमध्ये घातलेला दाखला घेऊन आला. साडूंनी दाखला पालथा करून मागची कोरी बाजूच नीट पाहिली आणि परत दिला. म्हणाले, "जुना मालक चांगलंच सांगणार की. वाईट सांगितलं तर तू त्याच्याच गळ्यात ऱ्हाशील. त्यापरीस तुझं बोलणं कोणाशी बंद हाय, त्याचं नाव-गाव सांग." तो बिचारा म्हणाला, "काका, माझं कोणाशीच वाकडं न्हाई." "मग चहा पी अन् खुशाल जा बाबा. ज्याचं कोणाशीच वाकडं न्हाई, त्यानं जन्मात कोणाला न्हाई म्हटलं नसंल. हितं तर दिवसभर न्हाईच म्हणावं लागतं."

असं एखादं नाव मिळालं की साडू कापडी पिशवीत भाकरी अन् ठेचा बांधून एसटीनं निघत. त्या दुश्मनाच्या ओट्यावर बसून चहा घेत, पण जेवत नसत. चहानं तोंड उघडतं अन् जेवणानं मत फिरतं, असा त्यांचा सिद्धांत. देवगाव फाट्याजवळच्या एका दुश्मनानं सांगितलं, "सोन्यासारखा माणूस, आजच घेऊन जा." साडू मिळेल त्या गाडीनं माघारी आले. "दुश्मन एवढं गोड बोलायलाय, म्हणजे बला आपल्या दारात ढकलायलाय!" नोकरी मागणाऱ्या दुसऱ्या एकाचा चुलतभाऊ मात्र शिव्या देता देता घामाघूम झाला. "लय हलकट! माझ्या पोरीच्या लग्नात वाढायला होता, अन् मलाच दुसरा लाडू दिला न्हाई! म्हणे, पंगतीला आधी एकेक पुरू द्या." साडूंनी त्या हलकटाला त्याच आठवड्यात खुर्चीवर बसवलं. तो पुढं लेकाकडं पुण्याला गेला आणि खुर्ची रिकामी झाली.

त्या वेळी मीही रिकामाच होतो. शेत लेकानं हातात घेतलेलं. बांधावर गेलो की तो म्हणे, "आबा, उन्हात कशाला येता? बसा घरी." घरी बसलो की सून माझ्याभोवती झाडून काढायची, खांबाभोवती झाडावं तशी. म्हातारा माणूस घराला ओझं होतो म्हणतात. मी ओझंही झालो नव्हतो, नुसता खांब झालो होतो. तेव्हा ही खुर्ची आपली, असं मी ठरवून टाकलं. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. अर्ज कशाला अन् चौकशी कशाला? फेटा बांधून गेलो. साडूंनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि शांतपणे म्हणाले, "बोलणं कोणाशी बंद हाय, पाव्हणं?"

"हे मला इचारता?"

"नातं घरी. काट्यावर सगळे सारखे."

मी चहासुद्धा न घेता ताडताड घरी आलो. बायकोनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "आवो, मग सांगायचं की एक नाव. तुमच्यापाशी काय तोटा हाय?" आणि वरच्या आळीपासून तिनं सुरुवात केली. गिरणीवाला, न्हावी, पोस्टातला माणूस, आपलाच धाकटा जावई. खालच्या आळीपर्यंत येता येता तिला पाणी पिऊन घ्यावं लागलं.

शेवटी मी तीन घरं सोडून राहणाऱ्याचं नाव कळवलं. एके काळी तो माझा जिवाचा मैतर. दोघंही चौथी शिकलेले, त्यामुळं जगातलं सगळं दोघांनाही ठाऊक. एकदा पूर्णेहून येताना गाडी पिंगळीला उभी राहिली. मी म्हटलं, "चल उतर, गाव आलं." तो म्हणाला, "ही गाडी पिंगळीला थांबतच न्हाई. सिग्नलसाठी उभी हाय." मी म्हटलं, "अरे, फलाट दिसंना का तुला?" तो म्हणाला, "फलाटाला कोण न्हाई म्हणायलाय? थांबा न्हाई!" मी एकटा उतरू शकलो असतो. पण त्याच्या तोंडून कबुली घेतल्याशिवाय उतरायचं कसं? गाडी सुटली. परभणीहून दोघं पायी गावाकडं आलो, रस्त्याच्या एका कडेनं तो, दुसऱ्या कडेनं मी. तेव्हापासून अबोला. मी बरोबर होतो, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो. फक्त बरोबर असून परभणीला उतरलो, एवढंच.

साडू आले ते सरळ त्याच्या ओट्यावर. मी माझ्या ओट्यावर पाठ करून बसलो, कान मात्र तिकडंच. हसण्याचा आवाज आला. बायकोला पाण्याच्या निमित्तानं पाठवलं, तर ती येऊन सांगते, "शेंगा खायलेत दोघं." थोड्या वेळानं तीच म्हणाली, "आता जेवायला बसलेत." साडू जेवले! माझं कंबरडंच मोडलं. दुपार कलल्यावर ते हात पुसत माझ्या दारात आले आणि म्हणाले, "सोमवारपासून या."

"काय म्हणाला तो?"

"ते काट्याच्या कामाचं हाय. तुमच्या न्हाई."

मी म्हटलं, मग मी येतच नाही. सोमवारी सगळ्यांच्या आधी जाऊन बसलो.

लोक म्हणतात, म्हातारा काट्यावर लय इमानानं वागतो. इमानापायी वागतो असं लिहायला मलाही आवडलं असतं. खरी गोष्ट अशी की तो काय बोलला हे मला ठाऊक नव्हतं. चांगलं बोलला असेल तर त्याचा शब्द पडता कामा नये, अन् वाईट बोलला असेल तर तो खोटा पडला पाहिजे. दोन्हीकडून मला सरळच बसावं लागे. कोणी व्यापारी "काका, जरा काट्याकडं बघून घ्या की" असं हळूच म्हणाला, की मला तो तीन घरं पलीकडचा ओटा दिसायचा. सणावारी जेवताना मी साडूंना विचारायचो, "आता तरी सांगा." ते पानातलं लोणचं चाटायचे अन् म्हणायचे, "तुमी निवृत्त व्हा, मग सांगतो."

मी काही निवृत्त झालो नाही, आणि गेल्या हिवाळ्यात साडूंना लकवा झाला. उजवा हात गेला, जबान गेली. आता त्यांचा लेक फोनवरच माणसं नेमतो. मी सुट्टीच्या दिवशी जाऊन खाटेपाशी बसतो, हंगामाचं सांगतो. ते प्रश्न विचारत नाहीत, याची अजून सवय होत नाही.

परवा बसलो होतो, तर तीन घरं पलीकडचा तो आला. माझ्याकडं न बघता खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसला. एकाला बोलता येत नव्हतं आणि दोघांना बोलायचं नव्हतं. मग त्यानं साडूंच्या कानाशी वाकून, पण मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं, "मालक, मी सांगितलं तसंच निघालं का तुमचं पाव्हणं?"

साडूंची मान हलली. होकाराची की नकाराची, हे लकव्याच्या मानेवरून कळत नाही. पण त्यांचा डावा हात माझ्या मनगटावर होता, आणि तो त्यांनी मी उठेपर्यंत काढला नाही.