लॉय आणि बॅलरॅटची स्प्रिंग

मंगळवार, ९ एप्रिल २००२. उकाडा. माश्या फार. साखरेच्या डब्यात लॉयचे दोन स्क्रू सापडले. गावातला म्हातारा क्लॅरी व्हीच उद्या सकाळच्या बसने अ‍ॅडलेडच्या वृद्धाश्रमात जाणार. त्याचं पिस्तूल अजून आमच्याच टेबलावर.

दुपारची ही नोंद करून फिलोमिनाने वही मिटली आणि धाकट्या भावाकडे पाहिलं. लॉय क्रॉटी, वय चौर्‍याहत्तर. चाळीस वर्षं मेंढ्यांची लोकर कातरायची यंत्रं दुरुस्त करत गावोगाव हिंडला. बायको गेली आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वॉलरू गावी बहिणीच्या मागच्या खोलीत राहायला आला, तो एकेचाळीस पिस्तुलं घेऊनच. ती माणसं मारायची नव्हेत. आभाळात लाल-हिरवी ज्योत सोडून इशारा द्यायची, जुन्या लढायांतली. त्यातलं एकही त्याने कधी उडवलं नाही. तो ती उघडायचा, गंज काढायचा, बिघडलेला भाग बदलायचा, आणि तोही त्याच बनावटीचा, त्याच काळातला हवा. एकदा फिलोमिनाने एकाची पितळी नळी घासून लख्ख केली, तर सहा दिवस तो तिच्याशी बोलला नव्हता.

क्लॅरीच्या पिस्तुलाची फक्त नळी उघडायच्या खिटीची स्प्रिंग गेली होती. त्रेचाळीस साली त्याचं विमान समुद्रात पडलं, तेव्हा रबरी होडीतून त्याने याच पिस्तुलाने शेवटची ज्योत सोडली आणि म्हणून तो घरी आला. त्याला ते एकदा हातात घेऊन उघडायचं होतं, बस.

"अरे, लाव ना कुठलीतरी स्प्रिंग!" फिलोमिना म्हणाली. "दोन वर्षं झाली. म्हातारा उद्या चाललाय!"

"कुठलीतरी लावायला हे काय कोंबड्यांच्या खुराड्याचं दार आहे? बॅलरॅटला जुने सुटे भाग विकणारा माणूस आहे, त्याच्याकडे आहे ती."

"मग तो काय पायी निघालाय बॅलरॅटहून?"

"आज फोन केला त्याला. म्हणतो, गेल्या वर्षी फेब्रुवारीतच पाठवली. थापाड्या लेकाचा!"

लॉय पाय आपटत अंगणात गेला. जाळीचं दार त्याच्यामागे टक्‌ करून नीट बंद झालं.

घरात येणारं प्रत्येक पाकीट फिलोमिनाच्या वहीत असायचं. कॉन्व्हेंट शाळेत लागलेली सवय. त्या बॅलरॅटवाल्याला एकदाचा खोटा पाडावा आणि हा विषय मिटवावा म्हणून तिने गेल्या वर्षीची वही काढली. १३ फेब्रुवारी. स्वतःच्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'लॉयचं हर्नियाचं ऑपरेशन नीट झालं. बॅलरॅटहून पाकीट, आत छोटी स्प्रिंग, चिठ्ठी नाही. तीन आठवडे कानीकपाळी ओरडले तेव्हा कुठे त्याने दारासाठी स्प्रिंग मागवली! मीच बसवली. छान बसली.'

फिलोमिना खुर्चीत टेकली. तेव्हा तिने लॉयचे आभार मानले नव्हते; जे करायलाच हवं होतं त्याचे आभार कसले? आणि लॉयने तरी, दवाखान्यातून परत आल्यावर, दार कसं नीट झालं हे विचारलं होतं का? दोघंही क्रॉटीच. चौदा महिने ती त्याला आळशी म्हणत होती आणि चौदा महिने ते दार टक्‌ करून तिच्या तोंडावर बंद होत होतं.

वही मिटून ठेवता आली असती. तिने स्क्रूड्रायव्हर घेतला.

"काय करतेयस?" लॉय अंगणातून ओरडला. "आत्ता कुठे ते दार धड लागतं!"

"गप्प बस आणि हात पुढे कर."

त्याने तळहातावरची स्प्रिंग चष्म्याजवळ नेली. मग दाराकडे पाहिलं. मग बहिणीकडे.

"फिलो..."

"माझी चूक. लिहून ठेवलीय, वाचायची असेल तर वाच. बोलशील ते नंतर बोल, आधी बसव."

"मी त्या माणसाला फोनवर थापाड्या म्हणालो गं!"

"उद्या मी फोन करते त्याला. लॉय, बसव!"

चार वाजता दोघं क्लॅरीच्या घरी पोचली. त्याची पेटी दाराशी बांधून तयार होती. त्याच्या अंगठ्यात जोर नव्हता; लॉय मदतीला वाकला, तर त्याने कोपराने त्याला दूर सारलं. तिसर्‍यांदा खिटी दबली आणि नळी खट्‌कन खाली झुकून पिस्तूल उघडलं. क्लॅरीने रिकाम्या नळीतून खिडकीबाहेरचं आभाळ पाहिलं, बराच वेळ.

"दोन वर्षं लागली रे तुला एका स्प्रिंगला?" तो म्हणाला.

फिलोमिनाने सांगायला तोंड उघडलं, पण लॉयच आधी बोलला. "टपालखातं रे. काय सांगू तुला!"

तिचा संताप पुन्हा उसळला. आपल्यासाठी कुणी खोटं बोललेलं तिला मुळीच खपत नसे. "टपालखातं नाही, क्लॅरी. मी ती दाराला लावली होती."

क्लॅरी इतका हसला की त्याला खोकला आला. घरी येईपर्यंत लॉय फुरंगटून तिच्या दहा पावलं पुढे चालत राहिला. त्याची एक चांगली थाप तिने फुकट घालवली होती.

संध्याकाळ. टपालखात्याची चूक नव्हती, हे क्लॅरीला सांगितलं. रात्री गार मटण आणि बटाटे. जाळीचं दार सुतळीने बांधून ठेवलं आहे.