लाकडं फोडायला मी गेले नाही

"ए, भाईर निघ! पाटलाची माय गेली. औंढ्याला सांगावा घेऊन जा."

पाटलाचा गडी अंगणाबाहेर उभा राहून ओरडत होता. आत माझी आई पटकीनं पडली होती. आबानं बाहेर जाऊन हात जोडले. "मालक, कारभारीण लई शिक आहे."

"मंग? तू काय वैद आहेस?"

आबा गेला. शिरड शहापूरच्या अलीकडं आमचं गाव, तिथून औंढा काही कोसांवर. गावात कुणी मेलं की पाहुण्यांना पायी बातमी पोचवायची, सरणाची लाकडं फोडायची, हे महारवाड्याचं काम. आम्ही ख्रिस्ती झालो होतो. काम तेच राहिलं.

मी तेव्हा तेरा वर्षांची. आईच्या ओठाला पाणी लावत होते. दुपारी तिनं विचारलं, "तुझा बाप कुठंय?"

"पाटलाच्या कामाला गेला."

"व्हय," म्हणाली. थोड्या वेळानं मी तिचे डोळे मिटले. रडू आलं नाही. शेजारणीला हाक मारली, आणि दोघींनी मिळून तिला धुतलं.

गडी पुन्हा आला. "बाप न्हाई तर तू चल. लाकडं फोडायचीत."

"माझी आई मेली."

त्यानं वाकून आत पाहिलं. "ती काय पळून जाती का? आधी पाटलाच्या मायचं उरकू दे."

"न्हाई येत."

"काय म्हणलीस?"

"न्हाई येत म्हणलं."

तो हसला. "किरिस्ताव झाले आन् माज आला. तुमचा देव तर नमून ऱ्हा म्हणतो ना गं?"

"त्याच्यापुढं. तुमच्यापुढं म्हणला न्हाई."

हे मी कसं बोलले, मला आजही सांगता येत नाही. शेजारीण हातातला तांब्या तिथंच ठेवून निघून गेली. भ्याली होती. तिला दोष देत नाही.

आबा दिवस मावळता आला. आईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. सगळं ऐकल्यावर म्हणाला, "जा लेकरा, पाटलाच्या पाया पड." मी कुदळ घेतली. नाल्यापलीकडं आम्ही दोघांनीच खड्डा खणला. मातीत हात घालून आबा म्हणाला, "प्रभू, आमी मातीच हाव. तिच्यावर दया कर." मी आमेन म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून गावानं कामापोटी मिळणारी आमची भाकर बंद केली. महिन्यानं मिशनचे उपदेशक आले. बाजेवर बसून समजुतीनं म्हणाले, "पोरी, नम्रता शीक. पाटलाची माफी मागितलीस तर सगळं मिटेल."

"साहेब, पापाची कबुली देवाजवळ देईन. हे पाप न्हाई."

ते बाजेवरून उठले. आबा खाली मान घालून बसला होता. पण मला उठवून पाटलाकडं पाठवलं नाही त्यानं.

त्यानंतर मी पुष्कळ मढी धुतली. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बायांची, लेकरांची. माणूस किती लवकर थंड पडतं हे मला ठाऊक आहे. माझंही तसंच होणार. त्या वेळी देवाजवळ मी दया मागीन, कारण त्याला दाखवायला माझ्याजवळ दुसरं काही नाही. खोटं बोलले, रागावले, आबाशी कठोर वागले, त्या सगळ्याची क्षमा मागीन.

त्या दुपारी नाही म्हणाले, त्याची मागणार नाही. देवाकडंसुद्धा नाही.