न जेवता केलेला अभ्यास

नव्वदच्या दशकात हॉटेल व्यवस्थापनाच्या प्रबंधासाठी मी शिरवळपासून सांगलीपर्यंतच्या खानावळी पालथ्या घालत होतो. सांगलीत हळदीच्या बाजाराजवळ तो खानावळवाला भेटला. नाव विचारलं नाही. प्रश्नावलीत नाव लिहायचं नाही, असा नियम होता.

गिऱ्हाईक आलं की तो आधी गूळ-पाणी पुढं ठेवायचा आणि विचारायचा, "कुठनं आलासा?" लांबचं गाव सांगणाऱ्याला भाकरी थेट तव्यावरची मिळायची. मी ते 'ग्राहक टिकवण्याचे धोरण' या रकान्यात लिहून घेतलं.

मग त्यानं माझंही ताट आणलं. ज्याची माहिती घ्यायची त्याच्याकडचं काही खायचं नाही, हाही नियमच. मी नको म्हणालो.

खांद्यावरच्या पंच्याला हात पुसत तो म्हणाला, "आवं पाव्हणं, न जेवता खानावळीचा अभ्यास कसा हुतो?"

मी हसलो आणि पुढचा प्रश्न विचारला. माझे प्रश्न संपेपर्यंत त्यानं ते ताट झाकून ठेवलं होतं.

आता मी हाच विषय शिकवतो. गूळ-पाण्याचं उदाहरण दरवर्षी देतो. परवा एका मुलीनं विचारलं, "सर, तिथलं जेवण कसं होतं?"

मी फळा पुसायला वळलो.