शनिवारचा तास

सिरसाळ्याच्या शिवकन्या मॅडमचा दिवस इष्टलिंगाच्या पूजेनं उजाडायचा. घराणं भुसार व्यापाऱ्याचं, पण बाई गल्ल्यावर कधी बसल्या नाहीत. अठरा वर्षं ज्युनियर कॉलेजात गणित शिकवलं. फळ्यावर एक पायरी लिहायची आणि वर्गाकडं वळून विचारायचं, "कुणाचं घोडं अडलं?"

सगळ्यांत आधी सायलीचा हात वर.

"तुझं घोडं रोजच काहून अडतंय गं?"

वर्ग खदखदायचा, सायलीही हसायची. पण समजल्याशिवाय खाली बसायची नाही. विचारून विचारूनच शिकणारं लेकरू ते.

तिचे वडील गहिनीनाथ म्हणजे शेजारच्या गावचे बागायतदार आणि पुढारी. सायली दहावी झाली तेव्हाच त्यांनी स्थळ आणलं होतं. मॅडम त्यांच्या घरी गेल्या. "दादा, बारावी होऊ द्या पोरीची."

"देतो होऊ. पण गणितात नापास झाली की सुपारी फोडणार. तुमच्या शब्दावर हाय बघा."

"दिला शब्द," मॅडम म्हणाल्या.

दोन हजार सातच्या जूनमध्ये सायली बारावीत गेली आणि संस्थेनं वर्गात कॅमेरा बसवला. त्याला माणूस लागत नव्हता. तासाची घंटा झाली की आपोआप लाल दिवा लागायचा, चाळीस मिनिटांनी विझायचा. मग सीड्या गावोगावच्या केंद्रांत जायच्या. ज्या पोरींना कॉलेजात पाठवत नाहीत, जी लेकरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात, त्यांनाही शिकता येईल म्हणून मॅडमना हे देवाचंच काम वाटलं. प्राचार्यांनी एकच नियम सांगितला, "मधी पोरं बोलली की सीडी वाया. वर्ग गप पाहिजे."

दुसऱ्याच दिवशी सायलीनं हात वर केला. मॅडमनी तोंडावर बोट ठेवलं. मग टेबलावर बिस्किटाचा रिकामा डबा आणून ठेवला. अडलं ते चिठ्ठीवर लिहून टाकायचं, शनिवारी कॅमेरा नसलेल्या तासाला एकेक चिठ्ठी सोडवायची.

दोन शनिवार नीट पार पडले. मग लोडशेडिंगनं जीव खाल्ला. वीज गेली की तास भरायचा नाही, आणि राहिलेला तास शनिवारीच भरून काढायचा. असे सगळे शनिवार कॅमेऱ्यानं गिळले. पुढच्या शनिवारी बघू, पुढच्या शनिवारी बघू, असं म्हणता म्हणता डबा भरत गेला.

सहामाहीत सायलीला गणितात शंभरपैकी एकोणीस मिळाले. मॅडमनी मनाची समजूत घातली, की ही सहामाही आहे, बोर्डाला निघेल पोरगी.

दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी, तास ऐन रंगात आलेला, आणि सायली मधेच उभी राहिली.

"मॅडम..."

लाल दिवा चालू होता. मॅडमनी एक बोट तोंडावर ठेवलं, दुसऱ्या हातानं डबा दाखवला. पोरगी खाली बसली, काहीतरी लिहिलं आणि तास सुटल्यावर चिठ्ठी टाकून गेली. शुक्रवारपासून ती आली नाही. सोमवारी तिची जागा रिकामी बघून मॅडमना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी डबा उपडा केला. सायलीच्या अकरा चिठ्ठ्या निघाल्या. दहांवर 'दुसरी पायरी कशी आली?' असंच काहीबाही. अकरावीवर लिहिलं होतं, 'बाबांनी मार्क बघितले. रविवारी सुपारी हाय. तुमी आल्या तर ऐकतील.'

रविवार कालच झाला होता.

मॅडम तशाच जीप धरून गेल्या. ओसरीत गहिनीनाथ पाहुण्यांची यादी करत होते. सायलीच्या आईनं, गीताबाईनं, पाणी दिलं आणि मान खाली घालून आत गेली.

"दादा, पोरीला अठरावं सुद्धा लागलं नाही. कायदा हाय."

"कायद्याची माणसं पहिल्या पंगतीला बसणार हायती, मॅडम." गहिनीनाथ शांतपणे बोलले. "म्या माझा शब्द पाळला. तुमचा काय झाला?"

मॅडम आत गेल्या. सायली हिरवा चुडा भरून मेथी निवडत बसली होती.

"बाहेरून परीक्षेचा फॉर्म भर गं. गेवराईला केंद्र हाय, सासरच्या गावातच. सीड्या मी पाठवते."

"सीडीला काय विचारू, मॅडम?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. पुढची जुडी तिनं सोडली.

पोलिसांत जायचं मॅडमच्या मनात आठ दिवस घोळत होतं. पण गहिनीनाथांच्या गावाचा सगळा माल नवऱ्याच्याच दुकानात यायचा, घरात विषय काढला तर नवरा म्हणाला, "तुमाला गावात ऱ्हायचंय का न्हाई?" वैद्यनाथापुढं त्यांनी डोकं टेकलं, पण ठाण्याची पायरी चढल्या नाहीत.

मार्गशीर्षात मांडव पडला. आग्रहाचं बोलावणं होतं, मॅडमना बायकांत पुढं बसवलं. पाच मंगलाष्टकं झाली. प्रत्येक अष्टकाला मॅडमनी अक्षता टाकल्या.