मुखवट्यात अडकलेला नकार

आखाती युद्धाच्या काळात सौदीतल्या दम्माममध्ये सुटे भाग जोडून संगणक विकणारा एक रत्नागिरीकर मला भेटला. नाव विचारायचे राहून गेले. ज्या कंपनीसाठी त्याने खास संगणक बांधला, ती गाशा गुंडाळून गेली होती. तो संगणक खपला नाही, तर दुकानही बंद पडणार होते.

मी शाळेसाठी चौकशीला गेलो, तेव्हा एक अरब व्यापारी त्याच संगणकाचा भाव पाडत होता. इतक्यात भोंगा वाजला आणि आम्ही तिघांनी विषारी वायूपासून बचावाचे मुखवटे चढवले. दुकानदाराने बोटांनी शेवटचा भाव दाखवला. व्यापाऱ्याने मान वर उडवली. अरबांत मान उडवून जिभेने 'च्' केले, की तो नकार समजावा. पण 'च्' मुखवट्यातच राहिला. दुकानदाराने ती उडालेली मान होकार धरली, कानामागचा स्क्रूड्रायव्हर काढून झाकण आवळले आणि खोक्याला सुतळीही बांधली.

मुखवटे उतरताच व्यापारी गरजला, "ला! मी 'नाही' म्हणालो!"

त्यालाही कळावे म्हणून दुकानदाराने मला हिंदीत विचारले, "मास्टरजी, आप तो झूठ नहीं बोलेंगे. इनका 'ला' सुना आपने?"

नकार मी पाहिला होता. प्रश्न मात्र ऐकण्याविषयी होता.

"नहीं सुना," मी म्हणालो.

व्यापाऱ्याने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिले, हसू दाबले आणि पाकीट काढले.