क्लेअरच्या गावची वडी

उज्ज्वलाबाईंच्या पायाला भिंगरीच होती. घोडेगावहून लग्न होऊन ओतूरला आल्या, तेव्हा सासू म्हणाली होती, "ही पोरगी जेवतानाबी उभी ऱ्हाती." पन्नाशी उलटली तरी त्यात फरक नव्हता. कांद्याच्या चाळीत बायकांबरोबर कांदा निवडायला बसल्या, तरी घडीघडीला उठून काहीतरी बघून यायच्या.

पण त्या दिवशीची तगमग निराळी होती. एकुलता एक मुलगा सूरज पाच वर्षांनी कॅनडाहून घरी येत होता. त्याची बायको क्लेअर तिकडचीच, आणि आता पहिल्यांदा सासर बघणार होती.

लग्न तिकडेच झालं होतं. उज्ज्वलाबाईंनी सून पाहिली ती फोनवरच. सूरज कामावर असला की ती आपणहून फोन लावायची. बोलायला भाषा नव्हती, म्हणून दोघी एकमेकींना स्वयंपाक दाखवायच्या. उज्ज्वलाबाईंनी तिला पिठलं शिकवलं, तिनं यांना तिच्या गावची चॉकलेटची वडी दाखवली. त्या वडीला भट्टी नको, ओव्हन नको. बिस्किटांचा चुरा, खोबरं, अक्रोड आणि कोको लोण्यात कालवून खाली थापायचं. मधे लोणी, पिठीसाखर, कस्टर्ड पावडर फेटून पिवळा थर. वर वितळलेलं चॉकलेट. एक थर गार होऊन बसला की मगच दुसरा. 'थंड' हा शब्द क्लेअर त्या वडीपायीच शिकली होती.

आता एप्रिलच्या उन्हात एवढं थंड आणायचं कुठून? उज्ज्वलाबाईंनी खालचा थर ताटात थापून फ्रीजमध्ये ठेवला, त्यावर पिवळा पसरला, आणि लाईट गेली.

"सारखं दार उघडून बघू नको, हाय ती गारबी जाईल," त्यांचे यजमान दादाभाऊ ओसरीवरून म्हणाले.

"तुमाला काय, बसून बोलायचं. पातळ झालं म्हंजे?"

"आगं, ती वडी खायाला येतीय व्हय विमानात बसून?"

"वडी खायाला न्हाई. पर आमी तिची वाट बघत व्हतो, हे तिला कसं कळायचं?"

दादाभाऊ उठले. त्यांनी मोटारसायकल काढली आणि एसटी स्टँडजवळच्या रसवंतीतून बारदानात गुंडाळलेला बर्फ आणला. परातीत बर्फ, त्यावर ताट, वर ओलं फडकं. पिवळं बसलं तसं उज्ज्वलाबाईंनी चॉकलेट ओतलं, आणि दार ते परात, परात ते दार अशा फेऱ्या सुरू केल्या. शेवटी न राहवून सुरी लावली, तर वरचा थर तडकला. तेवढ्यात दारात गाडी थांबली.

सूरज उतरला. उज्ज्वलाबाईंनी वाकून मागच्या सीटवर पाहिलं. तिथं नुसती बॅग होती.

"क्लेअर कुठाय?"

"ती नाही आली, आई."

"आजारी हाय का?"

"नाही. आम्ही दिवाळीपासून वेगळे राहतोय."

उज्ज्वलाबाईंना एकदम आठवलं, दिवाळीनंतरच्या फोनमध्ये क्लेअरच्या मागची खिडकी बदलली होती. "कवा येतीस?" असं विचारलं की ती नुसती हसायची. यांना वाटायचं, तिला मराठी कळत नाही.

"आन् मला फोनवर 'आमी येतोय' म्हणून सांगितलंस?"

"सांगायचा धीर झाला नाही."

"मला येडी केलीस तू!"

"त्याला आत तर येऊ दे," दादाभाऊ म्हणाले.

उज्ज्वलाबाईंनी सूरजला जेवायला वाढलं. कुणाचं चुकलं, असं विचारल्यावर तो "कुणाचंच नाही" एवढंच म्हणाला, आणि त्या उत्तरानं त्यांचा जीव आणखीच घाबरा झाला. तिकडं रात्र होती, फोन करता येत नव्हता. त्या चाळीत गेल्या, परत आल्या, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या केल्या, पुन्हा उलगडल्या. दिवेलागण झाली तशी तिकडं उजाडलं असेल असं धरून त्यांनी फोन लावला.

क्लेअर केस विस्कटलेल्या अवस्थेत समोर आली. सासूचा चेहरा बघूनच तिला कळलं. "सॉरी, आई."

उज्ज्वलाबाई रागानं बोलायचं ठरवून आल्या होत्या, ते राहिलंच. त्यांनी ताट उचललं आणि फोनसमोर धरलं. क्लेअर बघतच राहिली. मग डोळे पुसत म्हणाली, "क्रॅक. आई, सुरी... गरम पाणी." सुरी गरम पाण्यात बुडवून कापायला हवी होती, असं तिला म्हणायचं होतं.

"ते ऱ्हाऊ दे. तू जेवतीस का नीट?"

'जेव' तिला कळत होतं. तिनं हो म्हणून मान हलवली. मग थांबत थांबत विचारलं, "आई, मी फोन... ओके?"

"कर. कवाबी कर."

सूरज दारात उभा राहून ऐकत होता. फोन बंद झाल्यावर त्यानं ताटातली एक वडी उचलली आणि अंगणात जाऊन एकट्यानंच खाल्ली.

महिन्याभरानं तो परत गेला. थंडीच्या सुमारास घटस्फोट झाला. क्लेअरचे फोन मात्र येत राहिले. जावा-भावजया विचारत, आता ती तुझी कोण? उज्ज्वलाबाई विषय बदलत.

परवाच क्लेअरनं मटकीला मोड कसे आणायचे ते विचारलं. यांनी भिजवण्यापासून फडक्यात बांधण्यापर्यंत सगळं करून दाखवलं. फोन ठेवला आणि सूरजचा राग नव्यानं आला, मग क्लेअरचाही आला. दोघांना समोरासमोर बसवून विचारावं, असं फार वाटलं. पण विचारणार काय, ते त्यांना ठरवता येईना. दादाभाऊ चहा मागत होते. उज्ज्वलाबाईंनी आधण ठेवलं, आणि साखर टाकली की नाही याची आठवण राहिली नाही म्हणून पुन्हा टाकली.