घराच्या कर्जाला मधला माणूस

आजऱ्याहून निघालो तेव्हा टेम्पोत आबा पुढं बसले. आई आणि मी मागं, भांड्यांच्या पोत्यांना टेकून. आत्या, तू काजूच्या कारखान्यातून तशीच धावत आली होतीस. टेम्पो हलल्यावर ओरडलीस, "पोरीला शिकवा रं! कुणाम्होरं हात जोडाय लागू नयेत."

आबांना शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत काम मिळालं. आम्ही कोल्हापुरात भाड्याच्या खोल्या बदलत राहिलो आणि मी कॉलेजला गेले, आपल्या घरातली पहिली. आता शिरोलीकडं एक छोटा फ्लॅट बघितलाय. मालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार आहे, त्याआधी बँकेचं कर्ज मंजूर व्हायला हवं.

गावाकडं म्हैस घ्यायची तरी मधला माणूस लागतो, सोयरीक जमवायची तरी लागतो. पण या वेळी आबांनी फाउंड्रीत सगळ्यांना सांगून टाकलं, "एजंट कशाला? माझी पोरगी कॉलेजला हाय की."

बँकेतले साहेब भराभर बोलले. बदलता व्याजदर, स्थिर व्याजदर, आपण खिशातून भरायचा हिस्सा, तारण. मी मान हलवत राहिले. व्याजावरची गणितं मी परीक्षेत सोडवलेली आहेत, तरी त्या खुर्चीत बसून मला काहीच उमगलं नाही. बाहेर आल्यावर आबांनी विचारलं, "काय म्हणला सायेब?" मी म्हणाले, "परत बोलावलंय." ते खरं होतं, पण तेवढंच. दोन दिवसांनी मी चाचरत म्हणाले, "आबा, एजंटला विचारूया का?" त्यांनी का म्हणून विचारलं नाही. तेच मला जास्त लागलं.

एजंटचं ऑफिस गारेगार, टेबल काचेचं. "या पावणं, बसा," तो म्हणाला. "फाईल माझ्यावर सोडा, बँकेचे हेलपाटे बंद." आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, आपल्या हातावर पसरला आणि हात त्याच्यापुढं केला. जनावरांच्या बाजारात भाव असाच ठरतो, टॉवेलाखाली, बोटं दाबून. एजंट बघतच राहिला.

"धरा की बोटं," आबा म्हणाले. "दलाली किती?"

पलीकडच्या टेबलावरची मुलं हसली. मी चपलेकडं बघत बसले. आबांची लाज वाटली आणि ती वाटली म्हणून स्वतःची त्याहून जास्त.

"काका, तुमच्याकडनं काय न्हाय घेत," एजंट म्हणाला. "आम्हाला बँक देती."

आबांनी टॉवेल परत खांद्यावर टाकला. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "मग तुम्ही आमच्या बाजूचे की बँकेच्या?"

तो रागावला नाही. "ताई, तुमची पळापळ मी वाचवतो. पण कुठलं कर्ज झेपतंय, ते तुमचं तुम्हीच बघायचं."

जिन्यात मी थांबले. "आबा, त्या दिवशी साहेबांचं मला कायच कळलं न्हाय." ते कठड्याला धरून हसायला लागले. "मग तवाच बोलायचं न्हवं? मला वाटलं, मलाच कळंना झालंय."

एजंट लावायचा नाही, असं तिथंच ठरलं. पळापळ आम्हाला जमते. दुसऱ्या दिवशी मी साहेबांना म्हणाले, "मला समजलं नव्हतं. सावकाश सांगाल का?" त्यांनी उसासा सोडला, पण सांगितलं. मी पुन्हा विचारलं. माझे कान तापले होते. मागं ताटकळलेला एकजण पुटपुटला, तसे आबा वळले, "पावणं, दम धरा की! घर घ्यायलोय, वांगी न्हवं."

मंजुरी अजून आलेली नाही. महिना संपल्यावर फ्लॅटचा मालक थांबेल का, तेही माहीत नाही. शिकून एवढंही येत नाही, ही लाज अजून गेलेली नाही, आत्या. फोनवर तू विचारतेस, झालं का गं घर? काय सांगू? काल जेवताना आबांनी विचारलं, "बदलतं व्याज वर जातंय, तसं खालीबी येतंय का?" मी म्हणाले, "येत असावं. नीट माहीत न्हाय, उद्या विचारते." आईनं भाकरी वाढली. कुणी मान खाली घातली नाही. सध्या माझं घर तेवढंच आहे.